कॅम्पर व्हॅनची अर्थिंग: गोव्याच्या खाऱ्या हवेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओम्नी, ईको किंवा विंगरमध्ये बिछाना, फ्रीज, पंखा, पाण्याचा पंप बसवून तिची फिरती खोली करणारी मंडळी आता पेडण्यापासून काणकोणापर्यंत दिसतात. मी अशा गाड्यांची वायरिंग करतो. तक्रार घेऊन आलेला माणूस बहुतेक वेळा बॅटरीला नाहीतर फ्रीजला शिव्या देत येतो. दोष मात्र बरेचदा निघतो तो माइनसच्या एखाद्या जोडात, पत्र्याला कसाबसा मारलेल्या एका स्क्रूखाली. म्हणून हे प्रश्न एकदाच लिहून ठेवतोय.

गाडीची अर्थिंग म्हणजे घरच्यासारखीच ना? जमिनीत सळई ठोकायची का?

नाही. शब्द एकच, कामं दोन. घरी परसात खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून जी अर्थिंग करतात, ती बिघाडाच्या वेळेसाठी असते. रोजचा करंट तिच्यातून वाहत नाही. गाडीत नेमकं उलटं. बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट पंख्यातून जातो आणि बॉडीच्या पत्र्यातून माइनसला परत येतो. पंखा चालू असेपर्यंत हे सतत चालू असतं. म्हणजे बॉडी ही फुकट मिळालेली दुसरी वायर आहे. मातीशी तिचा संबंध नाही, खाली टायर आहेत. गॅरेजमध्ये सगळे 'अर्थ' म्हणतात म्हणून मीही म्हणतो, पण वाचताना 'परतीची वाट' असं समजा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

मग प्रत्येक वस्तूला दोन वायरी ओढायच्या, की माइनस जवळच्या पत्र्याला मारायचा?

दोन वायरी ओढा. माझं मत ठाम आहे आणि त्यावरून माझी गिऱ्हाइकांशी वादावादीही होते, कारण वायरीचा खर्च वाढतो.

पत्रा वाईट वाहक आहे म्हणून मी हे सांगत नाही. लोखंड तांब्यापेक्षा साधारण आठपट जास्त अडवतं, पण बॉडीचा पत्रा इतका रुंद असतो की ती कसर भरून निघते. खरी भानगड जोडांची आहे. दहा वस्तू दहा ठिकाणी पत्र्याला मारल्या की गंजायला दहा जागा झाल्या, आणि त्यातल्या सात प्लायवूडच्या कपाटामागे, जिथे पुन्हा हात पोचत नाही. मालिम जेटीवर उभी असलेली एखादी लाकडी किंवा फायबरची होडी बघा. तिला परतीसाठी लोखंडी बॉडीच नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला प्लस-माइनस दोन्ही वायरी ओढाव्याच लागतात. समुद्राकाठी राहणाऱ्या गाडीलाही हीच शिस्त लावा.

मी असं करतो: खोलीतल्या सगळ्या वस्तूंचे माइनस एका बसबारवर (अनेक वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी) आणायचे, बसबारवरून एक जाड केबल दुसऱ्या, म्हणजे खोलीसाठी वेगळ्या बसवलेल्या बॅटरीच्या माइनसला, आणि तिथून एकच जाड केबल बॉडीला. बॉडीशी जोड एकच, डोळ्यांसमोर, पाना लागेल अशा जागी. कंपनीने दिलेल्या हेडलाइट, हॉर्न, वायपर यांच्या अर्थना हात लावू नका. त्या त्यांच्या जागी ठीक आहेत.

बॉडीला तो एक जोड नीट कसा करायचा?

इथे घाई करू नका, सगळं पाणी इथेच मुरतं.

जागा जाड पत्र्याची निवडा: क्रॉस मेंबर (गाडीखालची आडवी लोखंडी तुळई), सीटखालची मजबूत पट्टी, किंवा कंपनीने मुळात अर्थसाठी दिलेला बोल्ट. बाजूचा पत्रा एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतो. त्यात आपोआप आटे पाडणारा स्क्रू मारला तर एक-दोन आट्यांवर तो लटकतो. चोर्ला घाटातून दोनदा ये-जा झाली की सुटा. त्यापेक्षा आठ एमएमचा बोल्ट आरपार घालून मागून नट लावा, आणि मागे हात जात नसेल तर रिव्हेट नट (समोरच्या बाजूनेच पत्र्यात बसणारा नट) बसवा.

मग पॉलिश पेपरने रंग आणि प्रायमर खरवडा. चकचकीत धातू दिसेपर्यंत. लगच्या, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीच्या, गोलापेक्षा थोडा जास्त घेर. रंगावर लग आवळला तर बोल्टच्या आट्यांतून थोडा करंट जातो, दिवा लागतो, आणि माणूस समजतो काम झालं. पंप सुरू केल्यावर कळतं.

लग टिन केलेल्या, म्हणजे कल्हई चढवलेल्या, तांब्याचा घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा स्वस्त मिळतो, तो खाऱ्या हवेत लोखंडाला टेकला की पांढरी पूड होते. लग दाबायला खरा क्रिम्पिंग पाना हवा. पक्कड आणि हातोडीने चेपलेला लग वरून घट्ट दिसतो, आत तारा सैल असतात. त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा. नुसती काळी इन्सुलेशन टेप गोव्याच्या उन्हात चिकट होऊन सुटते.

क्रम असा: उघडा पत्रा, त्यावर थेट लग, लगच्या वर वॉशर, वर स्प्रिंग वॉशर, मग नट. पत्रा आणि लग यांच्या मध्ये काहीही नको. एका बोल्टवर तीन-चारपेक्षा जास्त लग रचू नका, आणि जाड केबलचा लग सगळ्यात खाली ठेवा. सगळं आवळून झाल्यावर, आधी नाही, त्यावर रंग मारा किंवा ग्रीस थापा. ग्रीस करंट वाहून नेत नाही, फक्त पाणी बाहेर ठेवतं. ते आधी लावून वर लग बसवणारेही मी पाहिलेत.

स्टेनलेस स्टीलचे बोल्ट गंजत नाहीत. तेच वापरले तर?

वापरा, खुशाल. फक्त ते आवळायचं काम करतील, करंट वाहायचं नाही. स्टेनलेस साध्या लोखंडापेक्षाही जास्त अडवतं. लग आणि पत्र्याच्या मध्ये स्टेनलेसचा वॉशर सरकवला की चांगल्या जोडाची वाट लागते.

समुद्रापासून लांब, फोंड्याला राहतो. मला एवढी काळजी कशाला?

खारी हवा कमी, हे खरं. पण जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि दमट हवा सगळ्या गोव्याला सारखीच आहे. शिवाय गाडी घेतलीय ती फोंड्यात उभी करायला का? एक डिसेंबर मांद्रे-हरमलला काढला की मीठ आत येतंच. चोडणच्या फेरीवर चढताना उतारावरचं मचूळ पाणी चाकांनी खालून उडतं, तेही धरा.

मिठाचा आणखी एक छुपा खेळ आहे. वायरीच्या उघड्या टोकातून खारं पाणी बारीक तारांमधून आत शोषलं जातं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं. वरचं रबर नवं कोरं, आतलं तांबं हातभर काळं. अशी वायर टोकाशी कापून परत लग मारून उपयोग नाही, चकाकी दिसेपर्यंत मागे जावं लागतं. माझ्याच जुन्या ओम्नीत एका पावसाळ्यानंतर पंपाच्या अर्थचा लग बोट लावताच गळून पडला. आत हिरवी पूड होती आणि पुढची अख्खी वायर काढून टाकावी लागली. तो स्क्रू मीच मारला होता, घाईत, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी.

इंजिन चालू असताना फ्रीज मस्त चालतो. रात्री लाल दिवा लुकलुकतो आणि बंद पडतो. बॅटरी गेली का?

बॅटरी घ्यायला निघण्याआधी दहा मिनिटं द्या.

गाडी चालू असताना अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारा जनरेटर) १४ व्होल्टच्या आसपास देतो. रात्री लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.२ वर आलेली असते. समजा फ्रीज ५ अँपिअर घेतो आणि माइनसच्या जोडात ०.२ ओहमचा अडथळा आहे: तिथेच १ व्होल्ट गेला. वायरीत आणखी थोडा. फ्रीजपर्यंत पोचले जेमतेम ११. कॉम्प्रेसर उठताना क्षणभर जास्त ओढतो, मग त्याहून खाली. बऱ्याच १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसर फ्रीजमध्ये १०.४ व्होल्टच्या आसपास स्वतःला बंद करायची सोय असते, बॅटरी वाचवायला. फ्रीज बिचारा शहाण्यासारखा वागतोय, त्याला चुकीची बातमी मिळतेय.

तपासायचं असं. फ्रीज चालू ठेवा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. काळा प्रोब बॅटरीच्या माइनस खांबावर, लाल प्रोब फ्रीजच्या माइनस टोकावर. दोन माइनसमध्ये व्होल्टेज काय मोजायचं, असं वाटेल. तेच मोजायचंय. ०.१ पर्यंत उत्तम, ०.२ चालवून घेता येईल, ०.५ दिसलं तर वाटेत चोर आहे. मग लाल प्रोब एकेक जोड मागे आणत चला. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम पडतो, तो चोर. मग हेच प्लसच्या बाजूनेही करा.

मीटर नसेल तर एक जाड लांब वायर घ्या, फ्रीजच्या माइनसवरून थेट बॅटरीच्या माइनसला तात्पुरती धरा. फ्रीज सुधारला तर निदान झालं.

मी ओहमवर तपासलं, बीप आला. म्हणजे अर्थ चांगला?

बीपवर विश्वास ठेवू नका. पन्नास तारांच्या वायरीतली एक तार शाबूत असली तरी बीप येतो, कारण मीटर अगदी चिमूटभर करंट सोडून पाहतो. एकट्या माणसाला साकवावरून जाता आलं म्हणून ट्रक जाईल असं नाही. भार चालू ठेवून व्होल्ट मोजणं हीच खरी परीक्षा.

माइनसची वायर किती जाड हवी?

प्लसएवढीच. जितका करंट जातो तितकाच परत येतो, त्यामुळे माइनसला बारीक वायर लावून पैसे वाचवणं म्हणजे दोन पदरी रस्त्याला एक पदरी पूल.

हिशोब सोपा आहे. बॅटरीपासून वस्तू ५ मीटरवर, करंट १० अँपिअर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. अडीचच्या (अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरीत सुमारे ०.७ व्होल्ट जातात, सहाच्या वायरीत ०.३ च्या आत. दिव्याला अडीचची चालेल, फ्रीजला मी सहाचीच टाकतो.

इन्व्हर्टरचं प्रकरण वेगळं. १००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर १२ व्होल्टमधून ९० अँपिअरच्या पुढे ओढतो. जोडात ०.०१ ओहम, म्हणजे मीटरला दिसणारही नाही इतका अडथळा असला, तरी ०.९ व्होल्ट आणि ८० वॅट उष्णता त्या एका बोल्टवर. सोल्डरिंग आयर्न २५ ते ६० वॅटचा असतो, त्यावरून कल्पना करा. एका दुकानात बसवलेल्या इन्व्हर्टरचा माइनस मी बाजूच्या पत्र्यावरून काढला, तेव्हा भोवतीचा रंग भाजून तपकिरी झाला होता आणि मागचं प्लायवूड काळं. इन्व्हर्टरचे दोन्ही केबल थेट बॅटरीपर्यंत न्या, ३५ ची केबल, शक्य तितकी आखूड. बॉडीतून परत आणायचा विचारही नको.

फ्यूज माइनसला लावला तर चालेल का?

नाही. माइनसचा फ्यूज उडाला तरी प्लस जिवंतच राहतो, आणि ती वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर परतीची वाट तिथे तयारच आहे. फ्यूज प्लसलाच, बॅटरीपासून वीतभर अंतरात.

नव्या गाडीत बॅटरीच्या माइनसवर एक छोटा डबा बसवलेला दिसतो. त्याच खांबाला माझी वायर लावू?

तो बॅटरीत किती करंट येतो-जातो ते मोजणारा सेन्सर असतो. बऱ्याच बीएस-६ गाड्यांत दिसतो. तुम्ही वायर थेट खांबावर लावलीत तर तुमचा करंट सेन्सरला चुकवून जातो आणि गाडीचा हिशोब बिघडतो. चार्जिंग मग कसंही वागतं. तुमचा माइनस बॉडीच्या अर्थ बोल्टला द्या, म्हणजे सगळं सेन्सरमधूनच जाईल. खोलीच्या बॅटरीला शंट (करंट मोजायची पट्टी) असलेला मॉनिटर लावला असेल तर त्यालाही हाच नियम: बॅटरीच्या माइनसला फक्त शंट, बाकी सगळं शंटच्या पलीकडे.

बोलेरोवर केबिन चढवलीय. चासीला अर्थ दिला, तरी दिवे मंद. का?

कारण ओम्नी-ईकोसारखी तिथे बॉडी आणि चासी एकजीव नसते. शिडीसारख्या चासीवर बॉडी रबरी बुशांवर बसते, आणि रबरातून करंट जात नाही. दोघांना जोडणारी विणलेली पट्टी गंजली की बॉडी अधांतरी. बॅटरी ते चासी, चासी ते बॉडी, इंजिन ते चासी, या तिन्ही पट्ट्या पाहा. इंजिनची पट्टी तुटली तर स्टार्टरचा प्रचंड करंट क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, आणि केबल तापून चिकटते. वरची केबिन फायबरची असेल तर तिथे बॉडी नाहीच, दोन वायरी.

अर्थ कुठे अजिबात घेऊ नये?

सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नका. तो तुमच्या जिवासाठी एका ठरावीक ताकदीने आवळलेला असतो. एअरबॅगचा अर्थ पॉइंट, गॅसची नळी, डिझेल-पेट्रोलची टाकी आणि पाइप, दाराच्या बिजागऱ्या, यांनाही नाही.

सोलर लावलंय. पॅनेलचा माइनस बॉडीला द्यायचा का?

आधी कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा, कुठला ते पाहा. पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी हे त्याचे दोन प्रकार. बाजारातले बरेच स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर 'कॉमन पॉझिटिव्ह' असतात. त्यात पॅनेल, बॅटरी आणि लोड यांचे तिन्ही प्लस आतून एकत्र असतात आणि चालू-बंद करायचं काम माइनसच्या बाजूने होतं. अशात पॅनेलचा किंवा लोडचा माइनस बॉडीला टेकवला तर कंट्रोलरच बाजूला पडतो, चार्जिंग थांबवायचं त्याच्या हातात राहत नाही. बॉडीला फक्त बॅटरीचा माइनस. एमपीपीटी बहुतेक 'कॉमन निगेटिव्ह' असतात, तरी कागद वाचून घ्या.

घरी बांधलेल्या लिथियम पॅकलाही हाच सापळा आहे. बीएमएस, म्हणजे सेलची राखण करणारं सर्किट, बहुधा माइनस तोडून संरक्षण करतं. सेलचा कच्चा माइनस बॉडीला दिलात तर बीएमएस असून नसल्यासारखं. बीएमएसच्या बाहेर पडणारा माइनसच वापरा.

ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवे मिणमिणतात. वायरिंग जळालं?

मागच्या दिव्याचा अर्थ गेलाय. परतीची वाट बंद झाली म्हणून करंट शेजारच्या बल्बमधून मागे फिरतो. होल्डर काढा, गंज घासा, संपलं.

गाणी लावली की इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते.

अ‍ॅम्प्लिफायर आणि स्टिरिओ यांचे अर्थ वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. एकाच जागी आणा. अर्ध्या वेळा तेवढ्यावर भागतं.

होमस्टेच्या बोर्डातून २३० व्होल्ट घेतो. तिथे काय सांभाळायचं?

इथे हा विषय गंभीर होतो. आतापर्यंत चुकीची शिक्षा म्हणजे बंद फ्रीज किंवा जळका पत्रा होती. इथे माणूस जातो.

आत २३० व्होल्टची वायर पत्र्याला घासली तर बॉडी जिवंत होते. टायर रबराचे, म्हणून मातीत काही जात नाही, काही ट्रिप होत नाही. गाडी शांत उभी असते. मग कोणी तरी पावसात अनवाणी, ओल्या तांबड्या मातीत पाय ठेवून दाराची मूठ धरतं.

म्हणून तीन गोष्टी. पहिली, तीन तारांची केबल, आणि तिची हिरवी तार आत गाडीच्या बॉडीला पक्की जोडलेली. दुसरी, आत शिरताच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट भलत्या वाटेने गळला की वीज तोडणारा स्विच) आणि त्यापुढे दोन्ही तारा तोडणारा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच). आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबा. तिसरी, यजमानाच्या बोर्डात अर्थ खरंच आहे का ते लावण्याआधी पाहणं. तीन भोकं आहेत म्हणून तिसऱ्यात अर्थ असतोच असं नाही, जुन्या घरांत ते रिकामं निघतं. मल्टिमीटरवर फेज-अर्थमध्ये २३० च्या जवळपास आणि न्यूट्रल-अर्थमध्ये जवळजवळ शून्य दिसायला हवं. दाराला हात लावताना झिणझिण्या आल्या तर 'थोडंसं लागतंय' म्हणून सोडून देऊ नका, आधी प्लग काढा.

न्यूट्रल आणि अर्थ गाडीत जोडायचे का, हा पुढचा प्रश्न. बाहेरच्या विजेवर असताना कधीच नाही. इन्व्हर्टरवर असताना, त्याच्या माहितीपुस्तकात परवानगी असेल तरच आणि सांगितलंय तसंच. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरमध्ये दोन्ही टोकं जिवंत असतात, तिथे हा उद्योग केला तर तो जळू शकतो. हा भाग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, मीही तो माझ्या हाताने करत नाही.

रंगांचा घोळ इथेच होतो. घरच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल, गाडीत काळी म्हणजे माइनस. दोन्ही एका पाइपमधून कधी नेऊ नका, आणि २३० च्या वायरीवर पिवळी पट्टी गुंडाळून ठेवा.

काम करताना बॅटरीचं कुठलं टोक आधी काढायचं?

माइनस आधी काढायचा, शेवटी लावायचा. प्लस आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण पाना लाल होतो आणि बोटातली अंगठीही. अंगठी काढून ठेवा.

अर्थचे जोड किती वेळा पाहायचे?

वर्षातून दोनदा: मे महिन्यात, पहिला पाऊस पडण्याआधी, आणि चवथ झाल्यावर. नट हाताने हलतो का, हिरवं-पांढरं काही धरलंय का, आणि फ्रीज चालू ठेवून माइनसवर किती व्होल्ट दिसतात. तो आकडा आणि तारीख फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. ०.०८ वरून पुढच्या खेपेला ०.१५ झाला असेल, तर फ्रीज बंद पडायची वाट न बघता तो जोड त्याच दिवशी उघडा.